हॉयल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धान्त

हॉयल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धान्त हा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल (१९१५–२००१) आणि कोल्हापुरात जन्मलेले भारतीय खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९६४ मध्ये मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त आहे. वस्तूचे जडत्व हा तिचा अंगभूत गुणधर्म नसून विश्वातील उर्वरित सर्व द्रव्याशी असलेल्या तिच्या संबंधातून ते निर्माण होते, असे एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख यांनी सुचविले होते. या विचाराला गणिती रूप देणे आणि त्यातूनच गुरुत्वाकर्षणाची समीकरणे मिळविणे हे या सिद्धान्ताचे उद्दिष्ट होय. द्रव्य सर्वत्र सलग पसरलेले आहे असे मानले, की या सिद्धान्ताची समीकरणे आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताच्या समीकरणांत रूपांतरित होतात. म्हणून हा सिद्धान्त आइन्स्टाइनच्या विरोधात उभा आहे, असे म्हणण्यापेक्षा तो आइन्स्टाइनच्या मागे जाऊन एक पायरी खोल खणतो, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

वर्तमानपत्री लेखनात हा सिद्धान्त आणि विश्वाचा ‘स्थिर स्थिती सिद्धान्त’ यांची वारंवार गल्लत होते. स्थिर स्थिती सिद्धान्त हरमन बॉन्डी, थॉमस गोल्ड आणि हॉयल यांनी १९४८ मध्ये मांडला. विश्व सर्व काळी सारखेच दिसते आणि प्रसरणामुळे पडणारी पोकळी नव्या द्रव्याच्या निर्मितीने भरून निघते, असे त्याचे सांगणे होते. तो विश्वाच्या इतिहासाविषयीचा सिद्धान्त आहे. प्रस्तुत लेखाचा विषय गुरुत्वाकर्षण आणि जडत्व यांविषयीचा सिद्धान्त हा आहे. दोहोंचे जनक काही अंशी एकच असले, तरी एक फसला म्हणून दुसरा आपोआप फसत नाही.

जडत्वाचा प्रश्न

राष्ट्रीय महामार्गावरून वेगाने जाणारी बस कागलजवळ एकदम वळली, तर उभे असलेले प्रवासी बाहेरच्या बाजूला फेकले जातात. त्यांना ढकलणारे कोणी नसते. शरीर आपल्या सरळ मार्गाने जाऊ पाहते आणि बस त्याला वळवू पाहते. वस्तूच्या या हट्टाला जडत्व म्हणतात आणि त्याचे माप म्हणजे वस्तुमान. शालेय पुस्तकातील व्याख्या येथे संपते. खरा प्रश्न मात्र येथून सुरू होतो : सरळ म्हणजे कशाच्या संदर्भात सरळ? बस वळली असे आपण म्हणतो. बस स्थिर राहून रस्ता, शेते आणि डोंगर वळले असे का म्हणू नये?

न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात याचे उत्तर पाण्याने भरलेल्या बादलीच्या प्रयोगातून दिले. दोराला टांगलेली बादली पीळ देऊन सोडली, की आरंभी बादली फिरते. पाणी स्थिर आणि सपाट राहते. थोड्या वेळाने पाणीही बादलीबरोबर फिरू लागते आणि त्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो. आरंभी बादलीच्या संदर्भात पाण्याची गती सर्वाधिक असताना पृष्ठभाग सपाट, आणि नंतर बादलीच्या संदर्भात पाणी स्थिर असताना तो खोलगट! याचा अर्थ पाण्याचे फिरणे बादलीच्या संदर्भात मोजून चालत नाही. न्यूटनने निष्कर्ष काढला, की ते निरपेक्ष अवकाशाच्या संदर्भात आहे. हे निरपेक्ष अवकाश कोणाला दिसत नाही आणि त्यावर कशाचाही परिणाम होत नाही. वस्तूंवर मात्र ते आपली सत्ता गाजविते.

याच प्रश्नाचे अधिक बोलके रूप म्हणजे फूकोचा लंबक. लेआँ फूको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑन या इमारतीत ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोग्रॅमचा गोळा टांगून लंबकाचे आंदोलन-प्रतल हळूहळू फिरते, हे दाखविले. प्रतलाच्या या फिरण्याचा वेग अक्षांशावर अवलंबून असतो. ध्रुवावर ते सुमारे २४ तासांत एक फेरी पूर्ण करते, पॅरिसला सुमारे ३२ तासांत, आणि विषुववृत्तावर मुळीच फिरत नाही. पुण्यात (१८.५ अंश उत्तर) हा काळ सुमारे ७५ तास येतो. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत सुमारे १६.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील एखाद्या उंच कारखान्याच्या छताला ओतीव लोखंडाचा जड गोळा टांगून असा लंबक सोडला, तर त्याचे प्रतल सुमारे ८४ तासांत, म्हणजे साडेतीन दिवसांत एक फेरी पूर्ण करील. (प्रत्यक्षात हवेच्या विरोधामुळे आंदोलने तितका काळ टिकविण्यासाठी गोळ्याला अधूनमधून विद्युतचुंबकाने झोका द्यावा लागतो.)

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. पृथ्वीच्या परिवलनाचा काळ दोन प्रकारे मोजता येतो. एक तर रात्री ताऱ्यांकडे पाहून. हे निरीक्षण झाले. किंवा सर्व दारे-खिडक्या बंद करून, आकाशाकडे न पाहता, केवळ लंबकाच्या आधारे. हे यांत्रिकी झाले. दोन्ही उत्तरे जुळतात. बंद खोलीतल्या लंबकाला दूरच्या ताऱ्यांचा ठावठिकाणा कसा कळला? न्यूटनच्या यांत्रिकीत या जुळण्याला काहीच कारण नाही. दूरचे तारे निरपेक्ष अवकाशाच्या संदर्भात फिरत नाहीत, हा तेथे निव्वळ योगायोग ठरतो.

माखचे तत्त्व

ऑस्ट्रियन भौतिकीविज्ञ अर्न्स्ट माख (१८३८–१९१६) यांना हा योगायोग मान्य नव्हता. यांत्रिकीच्या इतिहासावरील आपल्या १८८३ च्या ग्रंथात त्यांनी न्यूटनच्या बादलीचा समाचार घेतला. बादलीच्या पातळ भिंतीच्या संदर्भात फिरण्याने पाणी खोलगट होत नाही, एवढेच त्या प्रयोगातून सिद्ध होते. भिंती अनेक कोस जाड व अतिप्रचंड वस्तुमानाच्या असत्या तर काय झाले असते, ते कोणालाच सांगता येणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. पाणी ताऱ्यांच्या संदर्भात फिरते म्हणून खोलगट होते. तारेच नसतील, तर फिरणे या शब्दालाही अर्थ उरणार नाही.

माख यांनी यासाठी कोणतेही समीकरण दिले नाही. तारे जडत्व निर्माण करतात ते कशाच्या द्वारे, किती प्रमाणात आणि किती वेगाने, याविषयी ते मौन बाळगतात. त्यामुळे ‘माखचे तत्त्व’ या नावाखाली पुढे अनेक परस्परांहून भिन्न विधाने एकत्र आली. या विषयावरील पुष्कळसा वाद भौतिकीचा नसून या शब्दप्रयोगाच्या अर्थाचा आहे.

आइन्स्टाइन आणि माख

‘माखचे तत्त्व’ ही संज्ञा आइन्स्टाइनने १९१८ मध्ये रूढ केली. व्यापक सापेक्षता सिद्धान्ताची रचना करताना माखचे विचार त्याला मार्गदर्शक वाटत होते. अवकाश-कालाची भूमिती द्रव्य ठरविते, आणि त्या भूमितीतील सरळ मार्ग म्हणजे जडत्वाचा मार्ग. तेव्हा द्रव्यच जडत्व ठरविते, अशी ही साखळी दिसते. विश्वाच्या टोकाला कोणत्या अटी घालायच्या ही अडचण टाळण्यासाठी त्याने १९१७ मध्ये बंदिस्त, स्थिर विश्वाचे प्रारूप मांडले आणि त्यासाठी समीकरणांत वैश्विक स्थिरांक घातला. विश्वशास्त्र, जडत्व आणि सापेक्षता हे तीन विषय एका सूत्रात ओवले गेले ते येथे.

परंतु साखळी तुटली, आणि तीही लगेच. त्याच वर्षी विलेम द सिटर यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांचे असे उत्तर शोधले, की ज्यात द्रव्य अजिबात नाही, तरीही अवकाश-कालाला भूमिती आहे आणि त्यात सोडलेल्या कणाला जडत्वही आहे. पुढे १९४९ मध्ये कुर्ट गोडेल यांनी एक असे विश्व दाखविले, की ज्यातील सर्व द्रव्य जडत्वीय चौकटीच्या संदर्भात फिरत राहते. अशा विश्वात लंबक आणि तारे यांची उत्तरे जुळणारच नाहीत. तात्पर्य, व्यापक सापेक्षतेत माखचे तत्त्व पाळणारी विश्वे आहेत आणि न पाळणारीही आहेत. आपले विश्व पहिल्या प्रकारचे का, याचे उत्तर समीकरणे देत नाहीत. उत्तरायुष्यात आइन्स्टाइनने या तत्त्वाचा आग्रह सोडून दिला.

तरी आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात माखच्या विचाराचा अंश आहे. फिरणारे द्रव्य आपल्याबरोबर आसपासच्या जडत्वीय चौकटीला किंचित ओढते, हे योझेफ लेन्झ व हान्स थिरिंग यांनी १९१८ मध्ये दाखविले. पृथ्वीच्या परिवलनामुळे होणारा हा परिणाम ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ या २००४ मध्ये सोडलेल्या उपग्रहाने मोजला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तो वर्षाला सुमारे ३७ सहस्रांश विकला (अनिश्चितता ७) इतका आला. अपेक्षित आकडा ३९ च्या आसपास होता.

माखचा विचार पुरता अमलात आणण्याचे प्रयत्न इतरांनीही केले. डेनिस स्यामा यांनी १९५३ मध्ये जडत्वाच्या उगमावर शोधनिबंध लिहिला, तर कार्ल ब्रान्स व रॉबर्ट डिकी यांनी १९६१ मध्ये गुरुत्व स्थिरांक बदलता ठेवणारा सिद्धान्त मांडला. हॉयल-नारळीकर सिद्धान्त याच मालिकेतील, पण सर्वांत कडक आहे.

कोल्हापूर, बनारस, केंब्रिज

जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही मूळचे कोल्हापूरचे. ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते आणि भारतात व्यापक सापेक्षतेवर संशोधन करणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी उत्सर्जन करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे जे प्रसिद्ध उत्तर १९४३ मध्ये शोधले, ते बनारसमध्ये त्यांच्या सान्निध्यात काम करताना. आई सुमती या संस्कृतच्या विदुषी होत्या, तर मामा वसंत शंकर हुजुरबाजार नामवंत संख्याशास्त्रज्ञ होते. सापेक्षता हा विषय नारळीकरांना केंब्रिजला जाण्यापूर्वीच घरात भेटला होता, एवढे यावरून म्हणता येते.

बनारसहून १९५७ मध्ये पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि हॉयल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली. गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला गेला, तेव्हा ते पंचविशीत होते. १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. पुढे १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्यातील ‘आयुका’चे संस्थापक संचालक झाले.

सिद्धान्ताची मांडणी

सिद्धान्ताचे मूळ विद्युतचुंबकत्वात आहे. जॉन व्हीलर आणि रिचर्ड फाइनमन यांनी १९४५ मध्ये असे दाखविले, की दोन विद्युतभारांमध्ये क्षेत्र नावाचा मध्यस्थ न मानता, भार एकमेकांवर दुरून थेट क्रिया करतात असे मानूनही विद्युतचुंबकत्व उभे करता येते. यात एक विचित्र अट आहे : प्रत्येक भाराचा निम्मा प्रभाव भविष्याकडे आणि निम्मा भूतकाळाकडे जातो. प्रत्यक्षात भूतकाळाकडे जाणारा प्रभाव आढळत नाही. त्याचे कारण असे, की विश्वातील उर्वरित सर्व भार जो प्रतिसाद देतात, त्याने तो निम्मा प्रभाव पुसला जातो आणि भविष्याकडे जाणारा पूर्ण होतो. हा हिशेब नीट जुळण्यासाठी विश्व कसे असावे लागते, याचा शोध जे. ई. होगार्थ यांनी १९६२ मध्ये आणि पाठोपाठ हॉयल व नारळीकर यांनी घेतला. प्रयोगशाळेतील साध्या विद्युत घटनेचा विश्वाच्या एकूण रचनेशी असा संबंध जुळल्यावर तीच रीत जडत्वाला लावून पाहणे ओघानेच आले.

हॉयल व नारळीकर यांच्या मांडणीत कोणत्याही कणाला स्वतःचे असे वस्तुमान नसते. विश्वातील प्रत्येक इतर कण या कणाच्या स्थानी आपला वाटा पोहोचवितो आणि अशा सर्व वाट्यांची बेरीज म्हणजे त्या कणाचे वस्तुमान. स्वतःचा वाटा स्वतःला मिळत नाही. म्हणून रिकाम्या विश्वात एकटाच कण असेल, तर बेरजेला एकही पद उरत नाही आणि त्याचे वस्तुमान शून्य होते. द सिटर यांच्या रिकाम्या विश्वाने आइन्स्टाइनपुढे जी अडचण उभी केली, ती येथे मुळातच उद्भवत नाही. गुरुत्वाकर्षणासाठी किमान दोन कण लागतात.

येथे विद्यार्थी हमखास एक शंका घेतात : वस्तुमान जर इतरांकडून येत असेल, तर जवळचा सह्याद्री किंवा सूर्य यांचा वाटा मोठा नको का? स्थूल हिशेब असा. एका कणाचा वाटा साधारणतः अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. दुप्पट अंतरावर निम्मा. पण सारख्या जाडीचे कवच कल्पिले, तर दुप्पट अंतरावरील कवचात चौपट कण असतात. परिणामी दूरच्या कवचाचा एकूण वाटा जवळच्यापेक्षा दुप्पट होतो. जडत्व ठरविण्यात शेजाऱ्याची मातब्बरी नाही. अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांची आहे. शिवाय ही बेरीज निव्वळ संख्यांची असल्याने तिला दिशा नसते. आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने वस्तुमान वेगळे भरते का, हे १९६० च्या सुमारास व्हर्नन ह्यूज व रोनाल्ड ड्रेव्हर यांनी स्वतंत्रपणे अत्यंत सूक्ष्म प्रयोगांनी तपासले आणि तसा फरक आढळला नाही. माखच्या काही मांडण्यांना हा प्रयोग अडचणीचा वाटतो, या सिद्धान्ताला नाही.

या रचनेतून मिळणारी सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे गुरुत्वाकर्षणाची दिशा. न्यूटन आणि आइन्स्टाइन या दोघांच्याही समीकरणांत गुरुत्व स्थिरांक बाहेरून घातला जातो. तो धन घेतला की आकर्षण, ऋण घेतला की प्रतिकर्षण. धनच का, याला अनुभवापलीकडे आधार नाही. हॉयल-नारळीकर सिद्धान्तात हा स्थिरांक वस्तुमानाच्या क्षेत्राच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येतो. वास्तव संख्येचा वर्ग ऋण असत नाही, म्हणून गुरुत्व आकर्षकच असले पाहिजे. सिद्धान्तावर पुढे कितीही आक्षेप आले, तरी हा भाग देखणा आहे यात शंका नाही.

सूर्यमालेत मात्र सर्व उत्तरे आइन्स्टाइनसारखीच येतात. बुधाच्या उपसूर्य बिंदूचे शतकाला ४३ विकलांचे अतिरिक्त सरकणे काय किंवा सूर्याजवळून जाणाऱ्या किरणाचे १.७५ विकलांचे वळणे काय, या मोजमापांनी दोन सिद्धान्तांत निवाडा होत नाही. निवाडा व्हायचा तो विश्वशास्त्रातच.

हॉकिंग यांचा आक्षेप

तो पहिल्याच सभेत सुरू झाला. जून १९६४ मध्ये हॉयल यांनी रॉयल सोसायटीत सिद्धान्त मांडला, तेव्हा स्टीफन हॉकिंग हे केंब्रिजमधील बावीस वर्षांचे संशोधक विद्यार्थी श्रोत्यांत होते. त्यांना मुळात हॉयल यांच्याच हाताखाली काम करायचे होते. मार्गदर्शक म्हणून मिळाले ते वर उल्लेख आलेले स्यामा. नारळीकरांची खोली जवळच असल्याने त्यांची आकडेमोड हॉकिंग यांनी आधीच पाहिली होती. भाषणानंतर उठून त्यांनी सांगितले, की वस्तुमान देणारी बेरीज अनंत येते. हॉयल यांनी ते नाकारले. हॉकिंग यांनी आपण गणित केले असल्याचे उत्तर दिले. ही आकडेमोड १९६५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध म्हणून आली आणि त्यांच्या पीएच.डी. प्रबंधाचे एक प्रकरणही झाली.

आक्षेपाचा गाभा असा. सिद्धान्तानुसार बेरजेत भूतकाळातील कणांचा निम्मा आणि भविष्यकाळातील कणांचा निम्मा वाटा येतो. प्रसरण पावणाऱ्या विश्वात भविष्यकडील वाटे मोजत गेले, तर बेरीज कोठेच थांबत नाही. म्हणजे प्रत्येक कणाचे वस्तुमान अनंत! ऋण वस्तुमानाचे कण मानले तर अडचण टळू शकेल, असेही हॉकिंग यांनी सुचविले होते. हॉयल व नारळीकर यांनी नंतरच्या मांडण्यांत धन आणि ऋण अशा दोन्ही प्रकारच्या वाट्यांना वाव दिला.

हा प्रसंग बहुधा हॉकिंग यांच्या चरित्रात तरुण प्रतिभेचा विजय म्हणून रंगविला जातो. त्याला दुसरीही बाजू आहे. आक्षेप घेता आला, कारण सिद्धान्त तपासता येईल इतका नेमका होता. माखच्या मूळ विधानावर असा आक्षेप घेणे शक्यच नव्हते. विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे १९९८ मध्ये दिसून आल्यावर या आक्षेपाचा फेरविचारही झाला. अशा विश्वात भविष्यकडील वाट्यांना एक क्षितिज पडते आणि बेरीज सांत राहू शकते, असा युक्तिवाद काही संशोधकांनी केला आहे.

बदलते वस्तुमान

वस्तुमान ही बेरीज असेल, तर ती स्थलकालानुसार बदलूही शकते. सत्तरच्या दशकात हॉयल व नारळीकर यांनी या मोकळिकीचा पुरेपूर उपयोग केला. अवकाश सपाट आहे, प्रसरण मुळीच होत नाही आणि सर्व कणांची वस्तुमाने काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत आहेत, असे एक विश्व त्यांनी मांडले. अणूने सोडलेल्या प्रकाशाची कंप्रता इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश फार पूर्वी, इलेक्ट्रॉन हलका असताना निघाला; म्हणून त्याची तरंगलांबी आज इथल्या प्रकाशापेक्षा जास्त दिसते. ज्या दीर्घिकेच्या प्रकाशाची तरंगलांबी चौपट झालेली दिसते, तिच्यातील इलेक्ट्रॉन प्रकाश सोडताना आजच्या एकचतुर्थांश वस्तुमानाचा होता आणि या विश्वाच्या घड्याळात तेव्हा आजच्या निम्मा काळ झाला होता. ताम्रसृतीचे हे स्पष्टीकरण आणि प्रसरणाचे नेहमीचे स्पष्टीकरण गणितदृष्ट्या एकमेकांत बदलता येतात. मोजपट्टी स्थिर मानून विश्व वाढते म्हणा, की विश्व स्थिर मानून मोजपट्टी आखडते म्हणा. निरीक्षण तेच राहते.

या चित्रात महास्फोटाचा क्षण म्हणजे सर्व वस्तुमाने शून्य होण्याचा क्षण. भूमिती तेथे बिघडत नाही. बिघडते ती आपण वस्तुमान स्थिर धरण्याचा आग्रह ठेवतो म्हणून. वस्तुमान शून्य असणाऱ्या अशा पृष्ठांचा अभ्यास अजित केंभावी यांनी १९७८ मध्ये पुढे नेला.

निरीक्षणांची कसोटी

सिद्धान्ताच्या काही विस्तारित रूपांत गुरुत्व स्थिरांक काळानुसार अतिशय मंद गतीने घटतो. ही घट विश्वाच्या प्रसरणाच्या दराइतकी असेल, तर ती वर्षाला दहा हजार कोटींत सुमारे ७ भाग इतकी भरते. अपोलो मोहिमांत चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर किरण टाकून पृथ्वी-चंद्र अंतर दीर्घकाळ मोजले गेले आहे. त्यावरून अशी घट असलीच, तर एक लाख कोटींत एका भागापेक्षाही कमी असल्याचे दिसते. त्यामुळे ही रूपे मागे पडली.

अधिक मोठा आघात वेगळ्या दिशेने झाला. अर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन यांनी १९६५ मध्ये सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचा शोध जाहीर केला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. आरंभी म्हटल्याप्रमाणे तो आघात स्थिर स्थितीच्या विश्वावर होता, गुरुत्वाकर्षणाच्या या सिद्धान्तावर थेट नव्हता. पण हॉयल यांच्या नावाशी जोडलेल्या सर्वच कल्पनांकडे त्यानंतर संशयाने पाहिले जाऊ लागले. हॉयल व नारळीकर यांनी १९७४ मध्ये दूरस्थ क्रियेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये ‘अर्धस्थिर स्थिती’ विश्वशास्त्र मांडले. एकच महास्फोट न मानता अनेक लहान निर्मितिघटना आणि आंदोलन करीत प्रसरण पावणारे विश्व असे त्याचे स्वरूप असून त्याची समीकरणे याच माखप्रणीत गुरुत्वाकर्षणातून काढलेली आहेत. पार्श्वभूमी प्रारणाचे त्यांचे स्पष्टीकरण, म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा उत्सर्जित होणे, बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञांनी स्वीकारलेले नाही. आज विश्वशास्त्राची बहुतेक गणिते आइन्स्टाइनच्या समीकरणांत वैश्विक स्थिरांक आणि कृष्णद्रव्य घालून केली जातात. त्या गणितांत इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ही इतर कशावरूनही न काढलेली, प्रयोगशाळेत मोजून घेतलेली संख्या असते.